पट्टी फार वर गेली आहे

गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन मी पुण्यातल्या एका नव्या चर्चला गेले होते. भाच्याच्या बाळाचं अर्पण, म्हणजे बाळ देवाला वाहण्याचा विधी, होता, म्हणून सगळे नातेवाईक तिकडेच जमणार होते. भाड्याचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, भर सकाळी आत अंधार. समोर उंच मंच, त्यावर निळा-जांभळा उजेड, मागे भिंतभर एलईडीचा पडदा आणि कडेच्या यंत्रातून हळूहळू सुटणारा धूर. आत्या ऐंशीच्या पुढची. ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतपुस्तकातली गीतं तिला क्रमांकासकट पाठ आहेत, अजूनही भाकरी थापताना तिचं गुणगुणणं चालू असतं. गाणी सुरू झाली तशी ती माझ्या आधाराने उठून उभी राहिली, कारण गीताला उभं राहायचं हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ढोलाचा दणका छातीत बसत होता. पडद्यावर अक्षरं येत होती, जात होती. तिने तोंड उघडलं, दोन शब्द पुटपुटली आणि गप्प झाली. पुढची सगळी गाणी ती मिटल्या तोंडाने उभी होती. मी आजूबाजूला पाहिलं. काहींचे हात वर होते, काहींच्या हातात मोबाइल होते, पण गाण्याचा आवाज फक्त मंचावरून येत होता. बाहेर आल्यावर, चहाचा कप तिच्या हातात देत विचारलं, “आत्या, तू गायलीच नाहीस?” ती म्हणाली, “कुठं गाऊ बाई? त्यांचंच चालू व्हतं.” तक्रारीचा सूर नव्हता. मग तिने बाळाच्या अंगावरची शाल नीट केली आणि दुसरंच काही बोलायला लागली.

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी जुन्या वळणाची ख्रिस्ती आहे. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची जुनी कबुली, म्हणताना एकही ओळ मी मनातल्या मनात गाळत नाही. पाप असतं, न्यायाचा दिवस असतो, पश्चात्तापावाचून क्षमा नाही, हे मी मानते आणि उपदेशात ते ऐकायला मिळालं नाही तर घरी येताना अस्वस्थ असते. त्यामुळे नव्या चर्चबद्दल मी काही बोलले की तरुण मंडळी गृहीत धरतात, मावशींना गिटार आवडत नाही. आणि माझ्या वयाची मंडळी आनंदाने मान डोलावतात, त्यांना वाटतं मी त्यांच्या बाजूने बोलते आहे. दोघांचंही चुकतं. गिटारशी माझं भांडण नाही. नवेपणाशीही नाही. माझं म्हणणं एकच आहे: उपासनेतलं गाणं मंडळीचं, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या सगळ्यांचं असतं, आणि ते मंडळीच्या तोंडून काढून घेतलं जात आहे. बाकी सगळं, धूर, दिवे, पाळकाच्या फाटक्या जीन्स, मला दुय्यम वाटतं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावचं देऊळ म्हणजे दगडी भिंती आणि वर पत्रा. (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, घरातले अजूनही म्हणतात.) पाऊस आला की उपदेश थांबायचा, कारण पत्र्यावरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, मग पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगायचे आणि मंडळी पावसावर आवाज काढून गायची. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला बापे. पेटी, तबला, झांजांचे दोन जोड. सतरंजीला धुळीचा आणि रॉकेलचा मिळून एक वास होता, तो मला आजही आठवतो. पेटीवाले मामा काळी एक या पट्टीच्या वर कधी गेले नाहीत. कुणी उत्साहाने वर चढवायला लागलं की भाता धरून थांबायचे आणि म्हणायचे, “म्हाताऱ्यांना येऊ द्या.” आजीला अक्षर येत नव्हतं. तिच्या पिढीतल्या, आमच्या समाजातल्या बहुतेकांना येत नव्हतं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या घरात पाटी कुठून येणार? तिला सगळं शुभवर्तमान माहीत होतं ते गीतांतून. उधळ्या पुत्राची गोष्ट, गेथशेमाने, थोमाच्या शंका, हे तिने कडव्याकडव्याने शिकलेलं. घरातल्या गीतांच्या पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, तरी झोपताना ती उशाशी ठेवायची.

आता पट्टीबद्दल बोलते, कारण मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच अडली आहे. सिडनीच्या हिलसाँगसारख्या मोठ्या चर्चमधून आलेली गाणी जगभर गेली, तशी ती आपल्याकडे हिंदीत आणि मराठीतही आली. ती ध्वनिमुद्रित करणारे गायक उंच, कसलेल्या आवाजाचे. कडवं खाली, जवळजवळ कुजबुजल्यासारखं, आणि ध्रुवपदाला एकदम सप्तकभर वर उडी. ऐकायला अंगावर काटा येतो, हे खरं. आपल्याकडचा गाणारा मुलगा ते त्याच पट्टीत गातो, कारण त्याने ते कानाला यंत्र लावून तसंच बसवलेलं असतं. साठीतल्या बाईला कडवं फार खाली पडतं आणि ध्रुवपद फार वर जातं. मधल्या वयाच्या बाप्याचं तेच. मग माणूस आधी हळू गातो, मग ओठ हलवतो, मग नुसता उभा राहतो. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. शिवाय ध्वनिक्षेपक इतका मोठा की शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही, स्वतःचाही नाही. सामुदायिक गाण्यात माणूस शेजारच्याच्या आवाजाला धरून गातो. बेसूर माणसंही चार जणांच्या मध्ये उभी राहून सुरात येतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. तो आधारच काढून घेतला की माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस गात नाही.

हे चर्चमध्ये पहिल्यांदा घडत नाहीये. चौथ्या शतकात लावदिकिया (आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं गाव) इथे एक धर्मसभा झाली. तिच्या १५व्या नियमात असं ठरलं की व्यासपीठावर चढून पुस्तकातून गाणाऱ्या नेमलेल्या गायकांखेरीज चर्चमध्ये कुणी गाऊ नये. हेतू चांगला असेल, गोंधळ आवरायचा असेल. पण पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये शतकानुशतकं गाणं हळूहळू पुरोहितांचं आणि गायकवृंदाचं झालं आणि साधी माणसं ऐकत उभी राहिली. सोळाव्या शतकात चर्चसुधारणा घडवणाऱ्या जर्मन मार्टिन ल्यूथरने जी अनेक कामं केली त्यातलं मला सगळ्यात प्रिय असलेलं हे, की त्याने गाणं माणसांच्या तोंडात परत दिलं. १५२४च्या सुमारास आठ गीतांचं एक चिमुकलं पुस्तक निघालं, त्यातली चार त्याची होती. लोकांच्या भाषेत, लोकांना झेपेल अशा चालीत. आज प्रॉटेस्टंट म्हणवणाऱ्या चर्चमध्ये मंचावर सहा माणसं गातात आणि तीनशे माणसं पाहतात, तेव्हा आपण लावदिकियाकडे परत चाललो आहोत. आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात कोमट म्हणून जिला प्रभू तोंडातून ओकून टाकीन म्हणतो, ती मंडळी त्याच गावची आहे.

माझ्या बाजूच्या माणसांनाही मला काही सांगायचं आहे, आणि ते त्यांना आवडणार नाही. ज्याला ते आपली परंपरा म्हणतात त्यातला बराच भाग अमेरिकेतून आणि इंग्लंडातून बोटीने आलेला आहे. मराठी शब्द परक्या चालीत असे कोंबलेले की ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि शब्द मधेच तुटतो. मेच्या उन्हात कोट-टाय घालून त्या चाली रेंगाळत गाणं म्हणजे निष्ठा, असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तबला देवळात नको म्हणणारे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, मी पाहिले आहेत. त्यांना मी विचारते, फादर स्टीफन्सनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते कशात? ओव्यांत. ११,०००च्या आसपास ओव्या, एका इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून रचलेल्या, आणि त्या चर्चमध्ये गाइल्या जात. आमच्याच नगरात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती पदं रचत होते, कीर्तनं करत होते. आणि मग टिळक आले.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तोवर ते मराठीतले नाव असलेले कवी होते, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी जे केलं ते त्या काळच्या चर्चच्या दृष्टीने पक्कं आधुनिक फॅड म्हणावं असंच होतं. अभंग, भजन, कीर्तन. वारकऱ्यांच्या तोंडी असलेला छंद घेऊन त्यात ख्रिस्ताचं प्रेम ओतणं. त्यांची गीतं नसती तर ‘उपासना संगीत’ अर्धं रिकामं वाटलं असतं. आणि ती टिकली, कारण अभंगाचा घाटच मुळी शंभर माणसांनी चालताना म्हणण्यासाठी घडलेला आहे. त्याला मंच लागत नाही. एक जण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. इथे मात्र माझा आणि त्यांचा रस्ता थोडा वेगळा होतो. बाप्तिस्मा मी इतका सैल सोडायला तयार नाही. पण नोकरी सोडणारा हा कवी जेव्हा स्वतःला प्रभूच्या चरणी अयोग्य म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे वजन असतं. १९१९मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केलं, ज्यांना आयुष्यभर शुद्धलेखनाची धड ओळख झाली नाही. त्या बाईच्या तोंडी गाणं होतं, म्हणून ते झालं.

कुणी म्हणेल, मग तुम्हाला शांत, आटोपशीर उपासना हवी आहे. अजिबात नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनमध्ये जे झालं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दुष्काळात उचलून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकून दिलेल्या बायका. त्या रडल्या, ओरडल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी. त्यांनी तो कल्लोळ थांबवला नाही. मला त्या आवाजाची भीती वाटत नाही, हेवा वाटतो. त्या मुली आपापल्या पापांची कबुली देत होत्या. चोरी, खोटेपणा, एकमेकींबद्दलचा द्वेष, नावं घेऊन. नंतर त्याच बायकांच्या हातांनी रमाबाईंनी भाषांतर केलेल्या बायबलचे छपाईचे खिळे जुळवले गेले. ते पुस्तक १९२४मध्ये बाहेर आलं, रमाबाई गेल्यानंतर. कल्लोळातून उठून त्या छापखान्यात गेल्या. आज ज्या सभांमध्ये माणसं थरथरतात, पडतात, त्यानंतर सोमवारी त्यांच्या दुकानातला काटा सरळ होतो का, सुनेशी बोलणं बदलतं का, एवढंच मी पाहते. कधी कधी होतंही, आणि तेव्हा मी माझं तोंड बंद ठेवते.

शब्दांकडे वळते. नव्या गाण्यांवर जुन्या लोकांचा नेहमीचा आक्षेप म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा. हा आक्षेप मला कच्चा वाटतो. बायबलमधलं १३६वं स्तोत्र उघडा, २६ ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी तीच ओळ, त्याची दया सनातन आहे. पण त्या प्रत्येक पुनरावृत्तीच्या आधी काही घडलेलं असतं. आकाश निर्माण झालं, तांबडा समुद्र दुभंगला, फारो बुडाला, राजे मारले गेले, आणि शेवटी, सर्व प्राण्यांना अन्न मिळालं. इतिहास पुढे सरकतो आणि पालुपद त्याला उत्तर देतं. आजच्या गाण्यात ओळ परत येते तेव्हा मधे काही घडलेलंच नसतं. मी आलो, मी अनुभवतो, मला हवं, मला दे. त्यात क्रूस असलाच तर ओझरता, रक्त नाही, पुनरुत्थान असलं तर माझ्या अडचणींवरच्या विजयासाठी. आजीने अशा गाण्यांवर बायबल शिकलं असतं तर तिला उधळा पुत्र कधी भेटलाच नसता.

आणि दुःख. स्तोत्रसंहितेतली जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं रडण्याची, गाऱ्हाण्याची आहेत. देवाने स्वतःच्या लोकांना दिलेल्या गाण्याच्या पुस्तकात एवढी जागा आक्रोशाला आहे, आणि आपल्या रविवारच्या गाण्यांत ती शून्य. सगळं उड्या मारत. आत्या १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. दिवसभर हातोडी, दुपारी सुकडी. ती सांगते, खडीवर बायका गात होत्या आणि त्यांची गाणी आनंदाची नव्हती. “देवाला इचारायचो, कवर?” किती काळ. हा प्रश्न स्तोत्रांत पानोपानी आहे. बायबलमधला हबक्कूक संदेष्टा तोच विचारतो. ज्यांच्या घरात माणूस मेलं आहे, ज्याची नोकरी गेली आहे, जिचा नवरा पिऊन मारतो, त्यांना आपण रविवारी सकाळी काय देतो? टाळ्या वाजवा. विजय तुमचा आहे. ती बाई टाळ्या वाजवते, घरी जाते, आणि तिला वाटतं आपला विश्वास कमी आहे. हे मला क्रूर वाटतं. आजारी माणसाला विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस असं सांगणाऱ्या उपदेशकांबद्दल मला जो राग आहे तो मी सभ्य शब्दांत बसवू शकत नाही, म्हणून इथेच थांबते.

या सगळ्याच्या मुळाशी मंच आहे असं मला वाटतं. उंच मंच, त्यावर उजेड, खाली अंधार. खाली बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. प्रभुभोजनाच्या वेळी ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे पाहण्याची जी लाज वाटायची, ती अंधारात वाटत नाही. आणि मंचावरचा माणूस मोठा होत जातो. आता नुसता पाळक पुरत नाही. प्रॉफेट, अपॉस्टल अशी बिरुदं फ्लेक्सवर येतात, बायकोच्या फोटोसह. हिलसाँग १९८३ साली सुरू झालं आणि त्याच्या संस्थापकाला २०२२ साली, त्याच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारींनंतर पद सोडावं लागलं. मला त्या माणसाचा निवाडा करायचा नाही. पण इतक्या उजेडात वर्षानुवर्षं उभं राहून कुणाचं आत्म्याचं भलं होतं, असं मला वाटत नाही. आमच्या जुन्या चर्चनीही फुशारकी मारू नये. जमिनींचे खटले, पंच कमिटीच्या निवडणुका, त्यातली गटबाजी आणि पैसा, हे पाहून जी तरुण मुलं भाड्याच्या हॉलकडे गेली, त्यांना मी दोष देऊ शकत नाही. तिथे निदान कुणी त्यांना नावाने हाक मारली.

नाताळबद्दल थोडक्यात. कॅरल फेरीत सांताक्लॉज नाचवणं बंद करा. सांता ज्याच्यावरून आला तो मायराचा बिशप निकोलस हा माणूस आदरणीय, पण लाल कोटातला गुबगुबीत म्हातारा घराघरात बसला त्यात १९३१पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींचा वाटा मोठा आहे. आणि ‘जिंगल बेल्स’ हे नाताळचं गाणंच नाही. १८५७ साली बर्फातल्या घोडागाडीवर लिहिलेलं ते गाणं, त्यात ख्रिस्त नाही, गोठा नाही, नाताळ हा शब्दसुद्धा नाही. हिंदू शेजारी दार उघडून विचारतात, हे कोण, आणि आपण सांगतो, हा मुलांना चॉकलेटं देतो. वर्षातून एकदा दार उघडलं जातं, आणि आपण हे सांगतो.

सिनेमाने आपलं काय केलं तेही बोलायला हवं. ‘बॉबी’, ‘ज्युली’, ‘अमर अकबर अँथनी’, सत्तरच्या दशकातल्या या चित्रपटांनी सगळ्या देशाला ख्रिस्ती माणूस कसा असतो ते शिकवलं: दारू, तोडकंमोडकं हिंदी, कबुलीजबाबाची लाकडी पेटी, झगा. अँथनी मलाही आवडतो, नाकारत नाही. पण पडद्यावर कधीच न आलेला माणूस माझा आहे. गायकवाड, साळवे, भालेराव आडनावाचा, धोतर नेसणारा, अभंग गाणारा, नगर-जालन्याकडचा मराठी ख्रिस्ती. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, “तू ख्रिश्चन? मग तुझं आडनाव असं कसं?” वाईट याचं वाटतं की आता आमचीच मुलं त्या सिनेमातल्या ख्रिस्त्यासारखी होऊ पाहतात. लग्नात टाळ-झांज नको, इंग्रजी गाण्यावर नाचत वेदीपर्यंत यायचं. परक्यांनी आपलं जे चित्र काढलं त्यात स्वतःला बसवण्याची ही धडपड पाहून मला रडू येतं.

त्या मानाने प्रभूवरचे चित्रपट मला कधी परके वाटले नाहीत. गावात पांढऱ्या धोतराचा पडदा बांधून ‘दयासागर’ दाखवायचे. मूळचा १९७८चा तेलुगू चित्रपट, नट भारतीय, आणि क्रूस वाहताना बाया हुंदके द्यायच्या. १९७९चा ‘जीझस’ही आमच्या भागात फिरला, तो लूकच्या शुभवर्तमानाला धरून चालतो म्हणून वडील त्याला मान द्यायचे. आता २०१९पासूनची ‘द चोझन’ ही मालिका घरोघरी मोबाइलवर पाहिली जाते. ती उत्तम बनवली आहे. रक्तस्राव होणाऱ्या बाईचा प्रसंग पाहताना मी उठून आत गेले. पण संडे स्कूलमध्ये एका मुलाने मला ठामपणे सांगितलं की मत्तय इतरांच्या डोळ्याला डोळा देत नसे, आकड्यांत रमायचा, असं बायबलमध्ये आहे. बायबलमध्ये नाही, मालिकेत आहे. लेखकाला कल्पना करण्याचा हक्क आहे. ‘ख्रिस्तायन’मध्ये टिळकांनीही केली. मात्र टिळक वाचणाऱ्याच्या हाताशी मूळ ग्रंथ असायचा. या मुलाने मत्तयाचं शुभवर्तमान उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि नववा अध्याय मोठ्याने वाचला, जकातनाक्यावरून मत्तय उठतो तिथून.

आत्याच्या त्या वाक्यानंतर मी आमच्या चर्चच्या पंच कमिटीला एक पत्र दिलं. आमच्याकडेही मोठा पडदा आणि ड्रमसेट घ्यायचं चाललं आहे. तरुण संघाने वर्गणी जमवली आहे आणि त्यांचा उत्साह खरा आहे. मी लिहिलं, घ्या. पण तीन गोष्टी मागते. पट्टी काळी एक, फार तर काळी दोन. दर उपासनेत निदान एक गीत ध्वनिक्षेपक बंद करून. आणि पडद्यावर शब्द आले तरी पुस्तकं बाकांवर राहतील, कारण पडदा आजारी माणसाच्या उशाशी नेता येत नाही. गिटार वाजवणारा मुलगा त्यानंतर घरी आला. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, “ताई, टिळकांचे अभंग मला येतच नाहीत, कुणी शिकवलेच नाहीत.” मग मी गायले आणि तो तारांवर शोधत बसला. त्याचे नेहमीचे कॉर्ड बसेनात. चालीतला कोमल निषाद आला की सगळं विस्कटायचं. बऱ्याच वेळाने त्याने कॉर्ड सोडले आणि नुसता षड्ज-पंचम छेडत राहिला. तेव्हा ते लागलं. आतून आत्याने दुसरी ओळ उचलली, पोळपाट तसाच ठेवून. तो मुलगा दचकला. एवढा मोठा आवाज त्या अंगातून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

कमिटीने पट्टीचं मान्य केलं. ध्वनिक्षेपक बंद करण्यावर अजून वाद आहे. साऊंड सिस्टिम दान देणाऱ्या कुटुंबाला काय वाटेल, असा एक मुद्दा निघाला. आणि मी सुचवलेल्या वाचनांच्या यादीतल्या ८८व्या स्तोत्रावर दोन वडिलांनी हरकत घेतली. ते स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी आशेचं एकही वचन नाही, नवीन माणसं पहिल्यांदा येतील आणि हे ऐकून परत जातील, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, ज्या घरातला तरुण मुलगा नुकताच अपघातात गेला ती आई दर रविवारी तिसऱ्या बाकावर येऊन बसते, टाळ्या वाजत असतात आणि ती मांडीवरच्या हातांकडे पाहत असते. तिला म्हणण्यासाठी देवाने शब्द लिहून ठेवले आहेत आणि आपण ते पान उलटायचं नाही म्हणतो आहोत. पुढची बैठक उपवासकाळाच्या आधी आहे. यादीतलं बाकी काहीही कमी करायला मी तयार आहे, ८८वं स्तोत्र नाही. पाळकसाहेबांना वाचायचं नसेल तर मी वाचेन.